वसंतातील घरची बाग आणि जवळचे उद्यान

वसंतात घरच्या बागेत होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक चुका घाईच्या असतात. चार दिवस ऊब जाणवली की हात शिवशिवू लागतात, रोपवाटिकेत फुलांनी लगडलेली रोपे खुणावतात आणि घरी जागा किती, ऊन किती, माती कशी याचा विचार होण्याआधीच पाचसहा कुंड्या दारात येऊन पडतात. हवा लवकर तापते, माती मात्र सावकाश तापते, आणि रोपाची मुळे मातीत असतात. म्हणून या हंगामात खुरपे हातात घेण्याआधी जवळच्या एखाद्या सार्वजनिक उद्यानात किमान दोन फेऱ्या माराव्यात, तिथे पाहिलेले वहीत उतरवावे आणि मगच घरच्या कामाला लागावे, असे मी प्रत्येक नवशिक्याला सुचवतो. या लेखात फेरीत काय पाहावे आणि त्यावरून घरी काय करावे, हे त्याच क्रमाने सांगितले आहे.

उद्यान जवळचेच का, याला कारण आहे. वसंत पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात साधारण मार्च ते मे आणि दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, पण एकाच गोलार्धातही तो सगळीकडे एकाच दिवशी पोहोचत नाही. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ साली एक ठोकताळा मांडला. त्यानुसार एक अक्षांश उत्तरेकडे गेल्यास किंवा सुमारे १२० मीटर उंचावर गेल्यास पालवी फुटणे, फुले उमलणे अशा घडामोडी साधारण चार दिवस उशिरा होतात. त्यांनी तो उत्तर अमेरिकेतील निरीक्षणांवरून बांधला होता, त्यामुळे तो जसाच्या तसा सर्वत्र लावता येणार नाही. तरीही बियाण्याच्या पाकिटावर छापलेला महिना आपल्या अंगणाला का जुळत नाही, हे त्यावरून चांगले कळते. जवळच्या उद्यानाला आपल्याच वाट्याचा पाऊस, वारा आणि बहुधा आपल्यासारखीच माती मिळालेली असते. तिथे आज जे फुटले आहे, ते आपल्याकडेही आज फुटण्याच्या बेतात असते.

उद्यानातील पहिली फेरी

सोबत वही, पेन्सिल आणि दिशा दाखवणारे होकायंत्र असावे. पेन्सिल अशासाठी की सकाळच्या दमट हवेत शाईचे अक्षर पसरते. होकायंत्र मोबाइलमध्येही असते. शक्यतो उद्यान उघडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात जावे, कारण त्या वेळी गर्दी कमी असते आणि माळी कामात असले तरी दोन शब्द बोलण्याइतके मोकळे असतात. पहिला फेरफटका एकही छायाचित्र न काढता पूर्ण करावा. कॅमेरा हातात आला की नजर फुलावर खिळते, आणि आपल्याला पाहायचे असते ते फुलाखेरीज बाकी सगळे.

सर्वांत आधी झाडाचा पूर्ण वाढलेला आकार पाहावा. रोपवाटिकेतील वीतभर रोप पाच वर्षांनी किती जागा व्यापेल, हे तिथे कळत नाही. उद्यानात ते डोळ्यांसमोर उभे असते. हे मी स्वतः चुकून शिकलो. एका वसंतात केवळ फुलांच्या रंगावर भाळून एकाच वेलाची तीन रोपे हातहातभर अंतरावर लावली आणि पुढच्याच महिन्यात उद्यानात त्याच जातीचा एकटा वेल एक अख्खा मांडव झाकून उरलेला पाहिला. तीनपैकी दोन रोपे उपटावी लागली. तेव्हापासून रोप घेण्यापूर्वी त्याचा मोठा भाऊ कुठेतरी पाहून येण्याचा नियमच मी करून घेतला आहे. दोन रोपांमधील अंतर पावलांनी मोजून वहीत लिहावे आणि घरी तेवढी जागा नसेल, तर ते झाड यादीतून निमूटपणे खोडावे.

त्यानंतर प्रत्येक आवडलेले झाड कोणत्या दिशेला, कशाच्या आडोशाला आणि किती उन्हात आहे हे नोंदवावे. भिंतीलगतची जागा दिवसा तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते, म्हणून तिथली झाडे मोकळ्या जागेतील त्याच जातीच्या झाडांपेक्षा अनेकदा काही दिवस आधी फुलतात. थंड हवा जड असल्याने उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते आणि तिथे कोवळी पालवी करपते. उद्यानात हा फरक वीसपंचवीस पावलांच्या अंतरातही दिसतो. तो एकदा डोळ्यांनी टिपला की घरच्या अंगणातील उबदार आणि गारठ्याचे कोपरे ओळखणे सोपे जाते.

खुरटलेल्या, पाने पिवळी पडलेल्या, किडीने खाल्लेल्या झाडांकडेही तितक्याच लक्षपूर्वक पाहावे. जिथे जाणत्या हातांची रोजची देखभाल असूनही एखादी जात रडतखडत जगते, तिथे आपल्याकडे ती बहरण्याची शक्यता कमीच. माळी भेटल्यास ‘काय लावू?’ असे न विचारता ‘इथे काय लावून पाहिले आणि जगले नाही?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला नेहमीची चार नावे मिळतात. दुसऱ्या प्रश्नाला अनुभव मिळतो.

नावाच्या पाट्या वाचण्याची सवय लावून घ्यावी. वनस्पतींना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत कार्ल लिनियस यांच्या १७५३ सालच्या ‘स्पिशीज प्लांटारम’ या ग्रंथापासून रूढ झाली. पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. त्यापुढे एकेरी अवतरणचिन्हांत आणखी एखादे नाव असेल, तर ते लागवडीत निवडून जोपासलेल्या वाणाचे असते. हा तिसरा शब्द लिहून घ्यायला विसरू नये, कारण एकाच जातीचा एक वाण कमरेइतका राहतो आणि दुसरा छपराला टेकतो. जातीच्या नावात बरेचदा लागवडीचा सल्लाही दडलेला असतो: ‘रेपेन्स’ म्हणजे जमिनीवर सरपटणारे, ‘पॅलुस्ट्रिस’ म्हणजे दलदलीतले, ‘सॅक्सॅटिलिस’ म्हणजे खडकाळ जागी वाढणारे. कुंडीतील रोपाच्या नावात ‘पॅलुस्ट्रिस’ दिसले, तर त्याला कोरडी माती मानवणार नाही हे विक्रेत्याला न विचारताही समजते. आता मोबाइल बाहेर काढावा आणि प्रत्येक निवडलेल्या झाडाची तीन छायाचित्रे घ्यावीत: पाटीचे, पूर्ण झाडाचे आणि पानाचे. पाटीचे आधी घेतल्यास घरी गोंधळ होत नाही.

शिष्टाचाराच्या दोन गोष्टी. वाफ्यात पाऊल टाकू नये, कारण ओल्या मातीवर पडलेल्या एका पावलानेही तिच्यातील हवेच्या पोकळ्या दाबल्या जातात. आणि फांदी, बी किंवा कंद विचारल्याशिवाय घेऊ नये. तिसरी गोष्ट शिष्टाचाराहून अधिक आरोग्याची आहे. मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या रोगांचे बीजाणू चिखलाबरोबर बुटांना चिकटून प्रवास करतात, म्हणून जाताना आणि परत आल्यावर बुटांचे तळवे घासून धुवावेत.

दुसरी फेरी दोनतीन आठवड्यांनी मारावी. पहिल्या वेळी कळीत असलेले काय उमलले आणि उमललेले काय ओसरले, हे दोन तारखांमधून कळते. अशा साध्या नोंदींचे मोल मोठे असते. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून पहिले फूल, पहिली पालवी, पहिला पक्षी अशा वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, त्यांच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालवले आणि आज हवामानाचे अभ्यासक ती टिपणे वापरतात. आपल्याला दोनशे वर्षांची उमेद धरण्याचे कारण नाही. तीन वसंतांच्या तारखा हाती आल्या तरी घरचे लागवडीचे वेळापत्रक आपोआप तयार होते. याच फेरीत कोणत्या फुलांवर मधमाश्या गर्दी करतात तेही पाहावे, कारण घरी काकडी किंवा भोपळा लावायचा असेल तर परागीभवनासाठी त्या आपल्याकडे वळणे आवश्यक असते.

घरी परतल्यावर: ऊन आणि माती

एका स्वच्छ दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी अंगण किंवा गच्ची पाहून कुठे ऊन आहे, त्याची कागदावर खूण करावी. सहा तास किंवा त्याहून अधिक थेट ऊन मिळणारी जागा ‘पूर्ण उन्हाची’ समजली जाते आणि बहुतेक फळभाज्यांना ती लागते. पालेभाज्यांचे तीनचार तासांतही भागते. येथे एक फसगत ठरलेली असते. वसंताच्या आरंभी पानगळीची झाडे उघडी असतात, त्यामुळे त्यांच्याखाली ऊन दिसते आणि महिन्याभरात तिथे दाट सावली पडते. छज्जाखालच्या बाल्कनीत, विशेषतः उष्णकटिबंधाबाहेर, वेगळ्या कारणाने तसेच घडते: सूर्य कललेला असताना ऊन आतवर येते आणि उन्हाळ्यात तो माथ्यावर चढला की छज्जा ते अडवतो. म्हणून आजच्या नकाशावर पुढच्या दोन महिन्यांची सावलीही अंदाजाने रेखाटावी.

मातीच्या बाबतीत आपल्याकडे ‘वाफसा’ असा नेमका शब्द आहे. माती चिकट ओली नाही आणि कोरडी ठक्कही नाही, खुरप्याला ती सहज भुसभुशीत सुटते, अशी ती अवस्था. मूठभर माती घट्ट दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. तसाच चपटा पडला तर माती अजून ओली आहे आणि खोदकाम थांबवावे. ओल्या चिकणमातीत केलेले एका दिवसाचे खोदकाम हंगामभर टिकणारी ढेकळे तयार करते.

मातीची जात ओळखण्यासाठी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून जोरात हलवावे व बरणी स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा म्हणजे वाळूहून बारीक, मऊ कणांचा गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमाती एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ घेते. थरांची जाडी पाहिली की आपल्या मातीत काय जास्त आहे ते उघड होते. गंमत अशी की माती फार वाळूची असो वा फार चिकण, उपाय जवळपास एकच आहे: चांगले कुजलेले कंपोस्ट. वाफ्यावर त्याचा तीन ते पाच सेंटीमीटरचा थर पसरून वरच्या मातीत हलक्या हाताने मिसळावा किंवा नुसता वर ठेवून द्यावा. गांडुळे तो खाली नेतात. अर्धवट कुजलेले खत कोवळ्या मुळांना भाजते. ज्या खताला मूळ पदार्थाचा वास येतो ते अजून तयार नाही, आणि ज्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो ते वापरावे.

कुंडीत निव्वळ बागेची माती भरू नये. दोन पावसांत किंवा वीस पाण्यांत ती विटेसारखी आवळते. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड वाळू असे हलके मिश्रण करावे. तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत मात्र माझ्या मते सोडून द्यावी. बारीक कणांच्या मातीतून पाणी जाड खड्यांमध्ये सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तट्ट होईपर्यंत ते सीमेवरच अडते. म्हणजे खड्यांनी निचरा सुधारत नाही, उलट ओलीचा थर मुळांच्या अधिक जवळ येतो. भोक मोठे असेल तर माती वाहू नये म्हणून त्यावर जाळीचा तुकडा पुरेसा आहे. जुनी झाडे मोठ्या कुंडीत हलवण्यासाठीही हाच काळ योग्य असतो. नवी कुंडी व्यासाने तीन ते पाच सेंटीमीटरच मोठी घ्यावी आणि गोलाकार गुंडाळलेली मुळे बोटांनी सैल करावीत.

पेरणी

पेरणीचा दिवस मातीच्या तापमानावरून ठरवावा. सकाळी पाच सेंटीमीटर खोलीवर साधा तापमापक खोचून चारपाच दिवस नोंद घ्यावी. वाटाणा, पालक आणि लेट्युस पाच अंश सेल्सिअसच्या आसपासही उगवू लागतात, मात्र सावकाश. टोमॅटो आणि घेवड्याला किमान पंधरा अंश हवेत. काकडी, भोपळा आणि भेंडी यांना अठरा ते वीस अंश असल्यास बी कुजण्याची भीती राहत नाही. उष्ण प्रदेशात प्रश्न उलटा असतो: तिथे वसंत आखूड असतो, माती झपाट्याने तापते आणि लेट्युसचे बी तीस अंशांजवळ उगवायचेच नाकारते. अशा ठिकाणी थंडीची पिके वसंताच्या अगदी तोंडाशी उरकावीत किंवा सावलीत घ्यावीत.

बी स्वतःच्या जाडीच्या दोनतीन पट खोल पेरावे, हा ढोबळ नियम. लेट्युस, पिटुनिया यांसारख्या बारीक बियांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून त्या ओल्या मातीवर नुसत्या दाबून ठेवाव्यात. मागच्या वर्षीचे बियाणे असेल तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवाव्यात. पाचच उगवल्या तर पेरणी दुपटीने दाट करावी, दोनच उगवल्या तर नवे बियाणे आणावे. कांद्याचे बी वर्षभरात निस्तेज होते; टोमॅटोचे नीट साठवल्यास चार वर्षेही चालते. गाजर आणि मुळा थेट वाफ्यातच पेरावेत, कारण त्यांचे सोटमूळ हलवले की फाटे फुटतात.

ट्रेमधील रोपे एका रात्रीत बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात, तेव्हा नवा माळी पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतो. खरे कारण बहुतेक वेळा उलट असते: पिथियम, रायझोक्टोनियासारखे रोगकारक जीव दमट, कोंदट मातीत कोवळा बुंधा कुजवतात. पडलेली रोपे वाचत नाहीत. पुढच्या खेपेस ट्रे धुऊन घ्यावा, पेरणी विरळ करावी, वारा खेळता ठेवावा आणि ट्रे उथळ पाण्यात ठेवून खालून पाणी द्यावे. दाट उगवलेल्या रोपांची विरळणी करताना जादा रोपे कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्याची मुळे हलतात.

घरात किंवा आडोशाला वाढलेले रोप थेट उन्हावाऱ्यात लावल्यास पाने पांढरी पडून करपतात. सात ते दहा दिवस ते कणखर करावे: पहिल्या दिवशी सावलीत एखादा तास, मग रोज थोडे अधिक ऊन, शेवटी रात्रही बाहेर. पाने गोठवणारे दहिवर पडणाऱ्या प्रदेशात शेवटचे दहिवर सरल्याची खात्री होईपर्यंत नाजूक रोपे बाहेर लावू नयेत. पुनर्लागवड संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी. टोमॅटोचे खोड खालच्या पानांपर्यंत पुरले तरी चालते, कारण त्याला खोडावर मुळे फुटतात. कलमी रोपाचा जोड मात्र मातीच्या वरच राहिला पाहिजे.

छाटणी, पाणी आणि पाहुणे

छाटणीचा निर्णय झाड केव्हा फुलते यावर घ्यावा. वसंताच्या आरंभी फुलणारी बहुतेक झुडपे मागच्या हंगामातील फांद्यांवर कळ्या धरून असतात. ती आता छाटली तर यंदाचा बहर कात्रीबरोबर जातो, म्हणून त्यांची छाटणी फुले ओसरताच करावी. गुलाब, जास्वंद यांसारखी नव्या फुटीवर फुलणारी झाडे वसंताच्या तोंडाशी छाटावीत, आणि काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फूट येणाऱ्या कळीच्या, पाऊण सेंटीमीटरभर वर, किंचित तिरका घ्यावा. शंका असल्यास उद्यानातील त्याच झुडपाकडे जाऊन पाहावे. माळ्यांनी कात्री चालवली असेल तर ताजे काप दिसतातच.

पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालावे. आत ओल लागली तर झारी खाली ठेवावी. रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा दोनतीन दिवसांनी खोलवर भिजवलेले बरे, कारण मुळे ओलीच्या मागे जातात. मातीवर पसरायच्या पालापाचोळ्याच्या आच्छादनाच्या वेळेबाबत एकच सल्ला सर्वांना लागू होत नाही: थंड प्रदेशात ते लवकर पसरले तर माती गारच राहते, म्हणून ती तापल्यावर घालावे, उष्ण प्रदेशात लागवडीबरोबरच घालावे. थर पाचसात सेंटीमीटरचा असावा आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी.

कोवळ्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी बारीक कीड दिसली की लगेच औषधाकडे धावू नये. नत्राचे खत जास्त झाले की फूट लुसलुशीत होते आणि मावा तिच्यावरच जमतो, त्यामुळे आधी खत थांबवावे आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा झाडून टाकावा. त्याच शेंड्यांवर काळसर, लांबट, सहा पायांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरताना आढळल्यास तिला हात लावू नये. ती लेडीबर्ड या ठिपकेदार भुंगेऱ्याची अळी असते आणि मावा खाऊन आपल्याहून चांगले काम करते.

वसंतात फुलणाऱ्या कंदांची फुले संपली की फुलांचे दांडे कापावेत, पण पाने कितीही विस्कटलेली दिसली तरी ती आपोआप पिवळी पडेपर्यंत, साधारण सहा आठवडे, तशीच ठेवावीत; पुढच्या फुलांचे अन्न कंदात तीच साठवतात. पाने असेतोवरच प्रत्येक पुंजक्याजवळ एक काडी रोवून तिच्यावर रंग आणि वाणाचे नाव लिहावे. पाने सुकून नाहीशी झाल्यावर ती जागा रिकामी भासते आणि नवे रोप लावायला घातलेले खुरपे नेमके कंदावरच बसते.